मायक्रोवेव्ह ट्यूबचं युनिट छाटण्याआधी: खान्देशातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतले इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक, प्रयोगशाळा सहायक आणि अभ्यास मंडळांचे सदस्य यांस

सादर नमस्कार.

अभ्यासक्रमाची फेररचना निघाली की मायक्रोवेव्हच्या पेपरातल्या एका युनिटवर सगळ्यात आधी कात्री फिरते: क्लायस्ट्रॉन, मॅग्नेट्रॉन, ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी निर्माण करणाऱ्या किंवा वाढवणाऱ्या निर्वात नळ्या. कारणं ठरलेली असतात. हे जुनं झालं, आता सगळं सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरसारख्या अर्धवाहकांवर चालणारं) आहे, कॅम्पस इंटरव्ह्यूला कुणी विचारत नाही, आणि मुलांना ते कळत नाही. यातलं शेवटचं कारण शंभर टक्के खरं आहे, म्हणूनच हे पत्र लिहितेय.

मी अमळनेर तालुक्यातली. इंजिनिअरिंग खान्देशातच केलं. सध्या पुण्यात हाय पॉवर आरएफच्या (जास्त शक्तीच्या रेडिओ लहरींच्या) कामात आहे आणि माझा बराचसा वेळ अशाच नळ्या संगणकावर चालवून पाहण्यात जातो. पत्र उघड लिहिलं, कारण एखाद्या विभागप्रमुखांना लिहावं तर 'ते मंडळ ठरवतं' असं उत्तर येतं आणि मंडळाला लिहावं तर 'कॉलेजांकडून मागणीच नाही' असं. दोघांना एकाच वेळी वाचता आलं तर बरं.

मागणी आधीच सांगून टाकते. हे युनिट काढू नका, आणि आज शिकवलं जातं तसं ठेवूही नका. त्याला फळ्यावरून उचलून संगणकाच्या लॅबमध्ये न्या. मुलांना आधी स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहू द्या, मग मोठं सॉफ्टवेअर, आणि जे उत्तर येईल ते तुमच्याच मायक्रोवेव्ह लॅबमधल्या बेंचवर ताडून पाहू द्या.

आज काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन कॅव्हिटीच्या (लहर जिच्यात घुमते त्या धातूच्या पोकळीच्या) क्लायस्ट्रॉनची आकृती, तिच्याखाली अ‍ॅपलगेट डायग्रॅमच्या तिरप्या रेघा (प्रत्येक रेघ म्हणजे एका इलेक्ट्रॉनचा वेळेनुसार प्रवास), मग दीड पान डेरिव्हेशन, शेवटी बेसेल फंक्शन. आठ मार्क. मुलं रेघा पाठ करतात. कुठली रेघ जास्त तिरपी आणि का, हे विचारलं की वर्ग शांत. प्रॅक्टिकलला २के२५ हा रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉन असतो. रिपेलरचं (इलेक्ट्रॉनला परत लोटणाऱ्या पट्टीचं) व्होल्टेज फिरवायचं, मीटरचा काटा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. त्याला मोड म्हणायचं, ग्राफ पेपरवर डोंगर काढायचे, जर्नलवर सही घ्यायची. पूर्वीच्या बॅचच्या जर्नलमधले आकडे उतरवले तरी चालतात, हे गुपित कुणापासूनच लपलेलं नाही.

वास्तविक त्या डोंगरांइतका सोपा आणि सुंदर विषय अख्ख्या पेपरात नाही. ३०० व्होल्टला सुटलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १० हजार किलोमीटर वेगाने कॅव्हिटीतून पुढे जातो, ऋण रिपेलर त्याला परत लोटतो, आणि तो मागे येईपर्यंत कॅव्हिटीतल्या लहरीची पावणेदोन, पावणेतीन, पावणेचार अशी आवर्तनं झालेली असली तरच तो लहरीला ऊर्जा देतो. हा अर्ध्या पानाचा हिशेब आहे. शेजारच्या दोन मोडचं रिपेलर व्होल्टेज मोजलं की आपण कितव्या मोडवर आहोत हे साध्या गुणोत्तराने काढता येतं. हेच वीसेक ओळींच्या पायथन प्रोग्रॅममध्ये घाला: एका आवर्तनात समान अंतराने सोडलेले तीनशे इलेक्ट्रॉन, प्रत्येकाच्या वेगात कॅव्हिटीने केलेला थोडासा बदल, आणि परत येण्याची वेळ. डोंगर आपोआप पडद्यावर उमटतात. ते बेंचवरच्या डोंगरांशी तंतोतंत जुळत नाहीत. का जुळत नाहीत, हा त्या प्रॅक्टिकलचा खरा व्हायव्हा.

वेगातल्या त्या थोड्याशा फरकातून इलेक्ट्रॉनांचे घोळके कसे होतात, हे सांगायला मला जळगावचा एसटी स्टँड पुरतो. धुळ्याकडे निघालेली पहिली गाडी रेंगाळत जाते, दुसरी नेहमीच्या चालीने, आणि उशिरा सुटलेल्या तिसरीचा ड्रायव्हर घाईत आहे. स्टँडवरून नीट अंतर ठेवून सुटलेल्या तिन्ही गाड्या एरंडोलच्या आसपास एकत्र दिसतात. क्लायस्ट्रॉनमध्ये दुसरी कॅव्हिटी बसवायची ती एरंडोलला. पारोळ्याला बसवली तर घोळका फुटून गेलेला असतो. सिम्युलेशन शेवटी हेच शोधतं: एरंडोल नेमकं किती मिलिमीटरवर आहे.

रसेल आणि सिगर्ड या व्हेरियन बंधूंनी १९३७ मध्ये स्टॅनफर्डला क्लायस्ट्रॉन बनवला तेव्हा हिशेब असाच सरळ होता. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत नाहीत असं धरलं तर दोन कॅव्हिटीच्या क्लायस्ट्रॉनची कमाल कार्यक्षमता ५८ टक्के निघते. परीक्षेत हा आकडा लिहून मुलं मोकळी होतात. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. घोळका जितका दाट, तितका तो आतून फुटायला बघतो. वेग बदलला की प्रभार सरकतो, प्रभार सरकला की क्षेत्र बदलतं, क्षेत्र बदललं की वेग पुन्हा बदलतो. हे चक्र कागदावर सुटत नाही. ते पायरीपायरीने चालवावंच लागतं.

आणि ते संगणक येण्याआधीपासून चालवलं गेलंय. १९४० च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅमला रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालू केला. त्याने युद्धातलं रडार बदलून टाकलं. पण आत इलेक्ट्रॉन नेमके काय करतात हे बनवणाऱ्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. मँचेस्टरला डग्लस हार्ट्री यांच्या गटाने इलेक्ट्रॉनांचे मार्ग एकेक पायरी आकडेमोड करून काढायला घेतले. त्या गटात फिलिस निकोलसन होत्या. आपण न्यूमरिकल मेथड्समध्ये क्रँक-निकोलसन पद्धत शिकवतो, त्यातल्या निकोलसन त्याच. ऑस्कर ब्युनमनही तिथेच होते. मॅग्नेट्रॉन कोणत्या व्होल्टेजला सुरू होईल हे सांगणारी ब्युनमन-हार्ट्री अट याच कामातून आली, आणि पुढे ब्युनमन यांनीच कणांच्या सिम्युलेशनचा पाया घालणाऱ्यांत मोठा वाटा उचलला. तुमच्या कॉलेजात गणिताचे सर एका मजल्यावर क्रँक-निकोलसन शिकवतात, इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडम दुसऱ्या मजल्यावर मॅग्नेट्रॉन, आणि दोघांची गाठ कँटीनमध्येही पडत नाही. मला विचाराल तर अभ्यासक्रमाची खरी अडचण ही आहे.

आता आजच्या पद्धतीबद्दल थोडं सविस्तर, कारण मंडळात निर्णय घेताना 'म्हणजे नक्की करायचं काय' असा प्रश्न येणारच. तिला पार्टिकल-इन-सेल म्हणतात, बोलताना पिक. नळीची पोकळी बारीक चौकटींच्या मेशमध्ये विभागायची. मेशवर मॅक्सवेलची समीकरणं वेळेच्या लहान पायऱ्यांनी पुढे न्यायची. यासाठी काने यी यांची १९६६ ची पद्धत अजूनही घरोघरी वापरली जाते. त्या क्षेत्रात कण ढकलायचे, कण जिथे पोचले तिथला प्रवाह पुन्हा मेशवर मांडायचा, आणि हे फिरवत राहायचं. घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा मॅग्नेट्रॉन घ्या. सुमारे ४ किलोव्होल्ट, पाव ते पाऊण अँपियरच्या दरम्यानचा प्रवाह, २.४५ गिगाहर्ट्झ. ०.३ अँपियर धरले तरी लहरीच्या एका आवर्तनात ७५ कोटींहून जास्त इलेक्ट्रॉन कॅथोडवरून सुटतात. तेवढे कण कुणाच्याच मशीनला झेपत नाहीत, म्हणून हजारो इलेक्ट्रॉनांचं एक गाठोडं करून तो एक कण मानायचा.

मेश अर्धा मिलिमीटर ठेवला तर वेळेची पायरी एका पिकोसेकंदापेक्षा थोडी कमीच ठेवावी लागते. प्रकाश एका पायरीत एका चौकटीपलीकडे उडी मारता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. मॅग्नेट्रॉन सुरू होऊन स्थिरावेपर्यंत १०० नॅनोसेकंद चालवायचा म्हटलं तर एक लाखाच्या वर पायऱ्या झाल्या. मेश निम्मा केला की चौकटी आठपट, पायऱ्या दुप्पट, म्हणजे काम सोळापट. हा एक प्रश्न परीक्षेत विचारा. 'मेश बारीक करत जावा, उत्तर अचूक येतं' असं मोघम लिहिणारा आणि रात्रभर मशीन अडकवून बसलेला मुलगा यांतला फरक लगेच दिसेल.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत कडक आहे, रागावू नका. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये कुठून तरी मिळवलेली क्रॅक कॉपी, तिच्यातलंच तयार उदाहरण, लाल-निळ्या रंगांचं एक चित्र आणि स्पायरल बाइंडिंग, याला सिम्युलेशन म्हणू नये. रंग कुणीही काढून देतं. तुमचा कॅथोड किती प्रवाह देणार हे कुठून ठरवलं, भिंतीवर आपटलेल्या इलेक्ट्रॉनमागे किती दुय्यम इलेक्ट्रॉन सुटतात हे धरलं का, मेश निम्मा केल्यावर फ्रिक्वेन्सी किती सरकली, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर आलं तर मार्क द्या. आणि पैशांचं म्हणाल तर फुकटचंही पुष्कळ आहे. चुंबकांसाठी फेम, गोल कॅव्हिटीसाठी लॉस अलामॉसचं सुपरफिश, लहरींसाठी ओपनईएमएस, आणि ज्यांना कणांपर्यंत जायचंय त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचा वॉर्पएक्स. या शेवटच्याला महासंगणकावरच्या कामासाठीचा २०२२ चा गॉर्डन बेल पुरस्कार मिळालाय, तरी त्याचा छोटा नमुना साध्या लॅपटॉपवरही चालतो.

पण माझी सगळ्यात आवडती सूचना याहून स्वस्त आहे. तिला ट्यूबही लागत नाही.

एक गोल डबी घ्या, ॲल्युमिनियमची, दोन्ही बाजूंनी झाकलेली. आतली त्रिज्या ४६.८ मिलिमीटर असेल तर तिची मूळ फ्रिक्वेन्सी २.४५ गिगाहर्ट्झ येते. सूत्र एका ओळीचं आहे आणि गंमत म्हणजे त्यात डबीची उंची येतच नाही. मुलांनी आधी सूत्राने काढावी, मग सिम्युलेशनने, मग एमआयडीसीतल्या लेथवर प्रत्यक्ष डबी काढून घ्यावी. जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप आणि चटयांच्या कारखान्यांना डाय-साचे लागतात. तिथल्या लेथवाल्याला शतांश मिलिमीटर म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही, उलट तो मुलांना शिकवेल. त्रिज्येत एक दशांश मिलिमीटरची चूक झाली की फ्रिक्वेन्सी पाच मेगाहर्ट्झने हलते. तीन गिगाहर्ट्झपर्यंत मोजणारे तळहाताएवढे नेटवर्क अ‍ॅनालायझर आता कॉलेजच्या किरकोळ खर्चात बसतात. त्याने मोजा आणि तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा.

आणि मग आपल्या हवेचा उपयोग करा. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश हे आपल्याकडे नवलाचं नाही. या ३५ अंशांच्या फरकाने ॲल्युमिनियमची तीच डबी एवढी फुगते की फ्रिक्वेन्सी जवळपास २ मेगाहर्ट्झने खाली येते. हवेतल्या ओलाव्याचा हिस्सा वेगळा. आता हेच तांब्याच्या खऱ्या नळीत बघा. कॅन्सरवर रेडिएशन देणाऱ्या लिनॅक यंत्रात मेगावॉटच्या स्पंदांनी चालणारा मॅग्नेट्रॉन किंवा क्लायस्ट्रॉन असतो, साधारण ३ गिगाहर्ट्झचा. तांबं ६० अंशांनी तापलं तर तिथे ३ मेगाहर्ट्झचा फरक पडतो, आणि यंत्राच्या प्रवेगक नळीला त्यातला दहावा हिस्सासुद्धा सहन होत नाही. म्हणून थंड पाण्याची व्यवस्था, म्हणून डिझाइन करताना विद्युत, उष्णता आणि यांत्रिकी अशी तिन्ही सिम्युलेशनं एकमेकांत गुंफावी लागतात. मेकॅनिकलच्या मुलांनाही यात घ्या, असं सांगायला मी इथवर आले.

'सगळं सॉलिड स्टेट झालंय' या आक्षेपात तथ्य आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ या इलेक्ट्रॉन प्रवेगक यंत्राला पूर्वी क्लायस्ट्रॉन ऊर्जा देत, आता तिथे सॉलिड स्टेट अ‍ॅम्प्लिफायर आहेत. मोबाइल टॉवरवर ट्यूब शोधून सापडणार नाही. कमी शक्तीचं जवळपास सगळं गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाने खाल्लंय आणि तो धडा अभ्यासक्रमात यायलाच हवा. पण एका स्पंदात मेगावॉट हवे असतील तर आजही निर्वात नळीच. फ्रान्समधल्या इटर या फ्यूजन प्रकल्पात प्लाझ्मा तापवायला १७० गिगाहर्ट्झचे, प्रत्येकी एक मेगावॉटचे जायरोट्रॉन (याच कुळातल्या निर्वात नळ्या) आहेत आणि त्यातला थोडा वाटा भारताकडे आहे. सर्न या जिनिव्हाजवळच्या कण-भौतिकी प्रयोगशाळेत गेल्या काही वर्षांत क्लायस्ट्रॉनची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या दिशेने नेण्याचं काम चाललंय, आणि तिथली सुधारणा कार्यशाळेआधी संगणकावर झाली: घोळका एकदम दाबण्याऐवजी तो हळूहळू, मध्ये थोडा सैल सोडून कसा बांधायचा, हे कणांच्या हिशेबातूनच कळलं.

नोकरीचं बोलायचं तर आकडे फेकणार नाही. दारं कोणती आहेत तेवढं सांगते. पिलानीची सीरी ही केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्था, जिची स्थापना १९५३ ची आणि जिथे मायक्रोवेव्ह ट्यूब हा जुना विभाग आहे. बेंगळुरूला डीआरडीओचं मायक्रोवेव्ह ट्यूब संशोधन केंद्र आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स. मुंबईत समीर ही केंद्र सरकारची मायक्रोवेव्ह संशोधन संस्था, जिने देशी लिनॅक बनवला. गांधीनगरचं प्लाझ्मा संशोधन संस्थान. आणि इंदूर. इंदूर तर जळगाव-धुळ्याहून मुंबईपेक्षा जवळ आहे, तरी तिथल्या प्रयोगशाळेत शैक्षणिक सहल नेल्याचं आपल्याकडे क्वचित ऐकू येतं. सहल लोणावळ्याला जाते.

शेतीवाल्या घरातून आलेल्या मुलांना 'याचा आपल्याला काय उपयोग' हा प्रश्न पडतो, आणि तो पडायलाच हवा. त्यांना हवामानाच्या रडारचा हिशेब करायला द्या. मोठ्या एस बँड (२ ते ४ गिगाहर्ट्झच्या) रडारांच्या ट्रान्समीटरमध्ये अनेक ठिकाणी क्लायस्ट्रॉन असतो, शेकडो किलोवॉटचा. मुंबईचं रडार आणि नागपूरचं रडार, दोन्ही जळगावपासून हवाई अंतराने साडेतीनशे किलोमीटरहून लांब. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला झोत, पृथ्वीच्या वक्रतेमुळे, एवढ्या अंतरावर जमिनीपासून १० ते ११ किलोमीटर उंचीवर असतो. म्हणजे रावेर-यावलच्या केळीबागांवर चालून येणाऱ्या वादळाचं डोकं तेवढं दिसणार, पोटात गारा आहेत की नाहीत ते नाही. रडार लांब असेल तर शक्ती वाढवून भागत नाही, रडार जवळच हवं. हे मुलाने स्वतः त्रिकोणमितीने काढलं की ते कुणाला तरी विचारायला तो मोकळा होतो.

केळीचाच दुसरा धागा म्हणजे वाळवण. उद्योगात वापरतात ते मॅग्नेट्रॉन बहुधा २.४५ गिगाहर्ट्झ किंवा ९१५ मेगाहर्ट्झचे. केळीच्या कापांत लहर किती खोल जाते, कुठे करपतं आणि कुठे ओलं राहतं, हेही सिम्युलेशनच आहे आणि त्याला कणांची गरजही नाही. बी.एस्सी.च्या मुलांना झेपेल. यावर एखादं कॉलेज खरोखर काम करू शकतं. मला तरी दुसरीकडच्यांपेक्षा जळगावचाच हक्क इथे पहिला वाटतो.

तेव्हा मागते ते एवढंच. युनिटचे तास आहेत तेवढेच ठेवा, डेरिव्हेशनचे मार्क निम्मे करा आणि उरलेले प्रोग्रॅमला द्या. २के२५ चे बेंच भंगारात काढू नका. नवे मिळणं दुरापास्त आहे आणि शिकवायला त्याच्याइतकं पारदर्शक यंत्र दुसरं नाही. ज्या कॉलेजात बेंच बंद पडलाय तिथल्या मुलांना शेजारच्या कॉलेजात दोन दिवस बसू द्या, त्यासाठी प्राचार्यांच्या पातळीवर एक पत्र पुरतं. लॅब असिस्टंटना या चर्चेत आधी बसवा. कोणत्या क्लायस्ट्रॉनचा फिलामेंट गेलाय आणि कोणता पॉवर सप्लाय शॉक मारतो, हे बहुधा त्यांनाच माहीत असतं, आणि मंडळाच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही. परीक्षेत सिम्युलेशनचं चित्र मागू नका. मेशचा आकार, वेळेची पायरी, आणि मोजलेल्या उत्तराशी फरक, हे तीन रकाने मागा.

रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉनचा तो छोटा प्रोग्रॅम आणि डबीचं ड्रॉइंग मी मराठी टिपणांसह कुणालाही पाठवेन. ज्या विभागाला हवं त्यांच्यासाठी शनिवारी ऑनलाइन बसायचीही तयारी आहे. मानधन नको. अट एकच: वर्गात मुलांसोबत एक तरी शिक्षक लॅपटॉप उघडून बसलेला असावा आणि त्याने प्रोग्रॅम स्वतः टाइप करावा.

सत्र सुरू होण्याआधी मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय येऊ शकेल का, एवढं कळवावं.

आपली,
अमळनेर तालुक्यातली एक माजी विद्यार्थिनी